मारिनाला तो छळ वाटतच नाही

‘ताकोपी नो गेन्झाई’ या मांगाबद्दल, म्हणजे जपानी चित्रकथेबद्दल, बोलणं निघालं की त्यातल्या मारिनाविषयी एक मत हटकून ऐकू येतं: ‘ती मुळात वाईट नाही. घरी आईचा मार खाते आणि शाळेत शिझुकाला मारते. वड्याचं तेल वांग्यावर. घर बरं असतं तर तिनं कुणाला बोटही लावलं नसतं.’ 2025 मध्ये सहा भागांची अ‍ॅनिमे मालिका आल्यापासून हे मत आणखी पसरलं. त्यामागची कणव मला समजते. पण हे उत्तर अपुरं आहे, आणि छळाबद्दल ते जे शिकवतं ते धोक्याचं आहे. पुढे कथेचा शेवटही येणार आहे, त्यामुळे ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी आधी वाचून यावं.

ताइझान फाइव्ह यांची ही कथा डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात शोनेन जंप प्लस या मांगा प्रसिद्ध करणाऱ्या जपानी संकेतस्थळावर आली. सोळा प्रकरणं, दोन खंड. 2016 साल, चौथीतल्या दोन मुली. शिझुका कुझेची आई रात्रीच्या क्लबमध्ये काम करते, वडील दुसरा संसार थाटून टोकियोत राहतात, आणि तिचं म्हणावं असं एकच कुणी आहे, चॅपी नावाचा कुत्रा. मारिना किरारझाकाचे वडील त्याच क्लबमध्ये शिझुकाच्या आईवर पैसे उधळतात. मारिनाचं घर त्यातून फुटतं, आई कोलमडते आणि मुलीवर हात उचलते. सगळ्यांना सुखी करायला परग्रहावरून आलेला, काळ मागे नेऊ शकणारा ताकोपी या दोघींच्या मध्ये सापडतो.

आता ‘मार खाते म्हणून मारते’ हे कथेलाच लावून बघू. कथेत दुखावलेली मुलं तीन आहेत. तिसरा त्यांच्या वर्गातला नाओकी आझुमा. हुशार थोरल्या भावाच्या सावलीत वाढलेला, कितीही गुण मिळवले तरी आईच्या नजरेत कमीच पडणारा. वेदनेतून आपोआप मारहाण निघत असती तर तिघांनीही हात उगारला असता. आझुमा उगारत नाही. तो स्वतःला निकामी समजतो आणि जो कुणी ‘तुझी गरज आहे’ म्हणेल त्याच्यामागे जातो, मग ते ताकोपीच्या हातून मेलेल्या मारिनाचं प्रेत लपवण्याचं काम का असेना. शिझुका बराच काळ नुसती सोसते. हिंसक होते ती टोकियोत. वडिलांच्या घरी चॅपी नाही, तिथे दोन नव्या मुली आहेत, आणि यांनीच आपला कुत्रा खाल्ला असं ती मनाशी धरते. त्यांची पोटं फाडून बघायला ती ताकोपीला सांगते. तो नाही म्हणतो, तेव्हा दगडाने त्यालाच मारते.

त्या क्षणी बदललं काय? वेदना तर तिला पहिल्या पानापासून होती. नवीन मिळाला तो दोषी. वेदना आणि मारहाण यांच्यामध्ये एक पायरी आहे, आणि ‘वड्याचं तेल’वाल्या मतात ती पायरी गाळलेली असते: ‘हे सगळं हिच्यामुळे झालं’ हा निवाडा.

मारिनाने तो निवाडा केव्हाच केलेला आहे. वडिलांवर ती राग धरू शकत नाही, कारण ते परत यायला हवे आहेत. आईवर धरू शकत नाही, कारण आईची बाजू घेणारी घरात ती एकटीच आहे. उरते ती ‘त्या बाईची’ मुलगी. म्हणून ती शिझुकाला नुसती मारत नाही, तिला परोपजीवीची मुलगी ठरवून मारते. आधी आरोप, मग शिक्षा. स्वतःच्या नजरेत मारिना आईच्या वतीने हिशेब चुकता करते आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला केवढं बळ येत असेल त्यातून! जे घर मोठ्यांना सावरता आलं नाही, त्यासाठी ती काहीतरी करते आहे. अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने नेमकं हेच मांडलं होतं की, माणूस क्रूर वागतो तेव्हा बहुतेक वेळा आधी स्वतःची समजूत घालतो: मी करतो ते योग्य आहे आणि समोरचा याच लायकीचा आहे.

‘ती रागाच्या भरात करते’ असंही म्हणतात. रागाच्या भरातला माणूस समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. मारिनाचं तसं नाही. चॅपी तिला चावला म्हणून त्याला उचलून नेतात, पण ते चावणं तिनंच ओढवून घेतलेलं असतं. शिझुकाचं सर्वांत मोलाचं काय आहे हे हेरून तिने तेच काढून घेतलं. त्यानंतर, ताकोपी काळ मागे नेण्याआधी, शिझुका जीवच देते. हा भडका नव्हे. नेम धरलेला आहे.

मग येतो ‘आतून तिला न्यूनगंड असणार’ हा मुद्दा. शाळेतल्या छळाचा अभ्यास ज्यांनी आयुष्यभर केला त्या डॅन ओल्वेअस यांना नॉर्वे आणि स्वीडनमधल्या मुलांमध्ये याचा पुरावा सापडला नाही. दरारा दाखवणाऱ्या मुलांच्या आत घाबरलेलं मूल दडलेलं असतं, ही समजूत त्यांनी तपासली आणि नाकारली. मारिना वर्गात एकटी पडलेली नाही, तिच्या मैत्रिणी आहेत, तिचं वजन आहे. जपानी समाजशास्त्रज्ञ योजी मोरिता यांनी 1980च्या दशकात वर्गातल्या छळाची चार वर्तुळं सांगितली: छळणारे, सोसणारा, मजा बघणारे आणि नजर फिरवणारे. छळ किती वाढेल हे या शेवटच्या दोघांवर फार अवलंबून असतं, असं त्यांचं म्हणणं. मारिनाची आई घरात काय करते यावरच डोळे लावले की हा अख्खा वर्ग नजरेतून सुटतो.

‘घर बरं असतं तर’ याचं उत्तर तर लेखकानेच दिलं आहे, आणि ते इतक्या जणांच्या नजरेतून निसटावं याचं मला खरंच वाईट वाटतं. काळ शेवटचा मागे फिरतो, तेव्हा ताकोपी नाही. मारिना शिझुकाला पुन्हा छळते आहे, आणि एका वहीवरचं त्याचं चित्र बघून दोघींना रडू फुटतं, कारण कळत नसतानाही. 2022 मध्ये त्या मैत्रिणी असतात. या मारिनाच्याही चेहऱ्यावर माराचा व्रण आहे. म्हणजे घर बरं झालेलं नाही, वडील शहाणे झालेले नाहीत, आईचा हात थांबलेला नाही. छळ मात्र थांबला. समोरची मुलगी आरोपी राहिली नाही, आपल्यासारखीच सोसणारी दिसली, एवढाच फरक पडला. आझुमाचंही तसंच. त्याच्या आईत काही बदल होत नाही, थोरला भाऊ एकदा नीट ऐकून घेतो आणि तो खरं बोलायला तयार होतो.

राहिला ‘तीही बळीच, मग तिला छळणारी का म्हणायचं?’ हा प्रश्न. दोन्ही म्हणायचं. ओत्सु शहरात 2011 मध्ये एका शाळकरी मुलाने छळाला कंटाळून जीव दिला. त्यावर उसळलेल्या संतापानंतर 2013 मध्ये जपानने छळ रोखण्याचा कायदा केला. त्यात छळाची व्याख्या सोसणाऱ्या मुलाच्या बाजूने आहे: दुसऱ्या मुलाच्या वागण्याने त्याला शरीराचा किंवा मनाचा त्रास झाला, तर तो छळ. करणाऱ्याचा हेतू काय होता, त्याच्या घरी काय चाललं होतं, याची अट व्याख्येत नाही. मारिनाला घरात वाचवायला कुणीतरी जायलाच हवं होतं. पण ती मदत मारिनाची. शिझुकाचा चॅपी त्यात हिशेबाबाहेर जाता कामा नये.