२९,२०० धारा

आमच्या अंडीवाल्या काका-काकूंच्या लग्नाला ५२ वर्षं झाली. हे त्यांनी नाही सांगितलं, सुनेनं सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून, की आज अंगणात एवढ्या बग्ग्या कशा लागल्यात. बोटात अंगठी नाही, भिंतीवर लग्नाचा फोटो नाही (फोटो काढून घेणंच त्यांच्यात पसंत नाही), केक नाही, भाषणं नाहीत. लेकी-जावई-नातवंडं जमली, जेवली, आणि साडेचारला पोरगा धारा काढायला गोठ्यात गेला.

काका-काकू मी मनात म्हणते. तोंडावर सगळे त्यांना नुसत्या नावानंच हाक मारतात, फक्त नातवंडं डॉडी आणि मॉमी म्हणतात. ही मंडळी ओल्ड ऑर्डर मेनोनाइट, म्हणजे एका ख्रिस्ती पंथातली जुन्या चालीची माणसं. मी किचनरला राहते, कॅनडातल्या ऑन्टारिओत, इथून एल्मायराकडं गाडी वळवली की रस्त्यावर घोड्याच्या बग्गीचं चित्र असलेली पाटी दिसते आणि दोन मिनिटांत खरी बग्गीच समोर येते. हे लोक मूळचे स्वित्झर्लंड-जर्मनीकडचे. मोठं झाल्यावर माणसानं स्वतः कळून बाप्तिस्मा घ्यावा आणि कुणावरही हत्यार उचलू नये, एवढ्यासाठी यांच्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात छळ सोसला, मग पेन्सिल्वेनियात आले, आणि तिथून काही जण वॅगन घेऊन इकडं. १८०५ मध्ये त्यांनी मिळून ६०,००० एकर जमीन घेतली, आज ज्याला आपण वॉटर्लू म्हणतो तो भाग बराचसा त्यातलाच. १८८९ च्या सुमाराला जे जुन्या रीतीला धरून राहिले ते ओल्ड ऑर्डर. सगळे मेनोनाइट असे नसतात बरं का, बहुतेक जण तुमच्या-माझ्यासारखेच गाडी चालवतात, नोकरी करतात. आपल्याकडं छत्तीसगडमध्ये धमतरीला १८९९ पासून मेनोनाइट मिशन होतं, तिथलं हॉस्पिटल नागपूर-गोंदियाकडच्या लोकांना ऐकून तरी माहीत असेल.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. शनिवारी सेंट जेकब्सच्या बाजारात टुरिस्ट येतात, बग्गीचे लांबून फोटो काढतात आणि म्हणतात किती साधं आयुष्य, किती सुखी जोडपी असतात यांची. मला हे ऐकून खरंच त्रास होतो. साधं काय आहे त्यात? मी शेतकऱ्याची पोर आहे, सांगलीकडची, म्हशी होत्या आमच्याकडं, गोठा काय असतो ते मला माहीत आहे. गाईला रविवार कळत नाही. शेताच्या फाटकावर 'रविवारी विक्री नाही' अशी पाटी असते यांच्या, ती खरी, पण धार रविवारीही काढावीच लागते, पहाटे एकदा आणि दुपारनंतर एकदा, म्हणजे वर्षाला ७३० वेळा. काका-काकूंनी ४० वर्षं गोठा बघितला, म्हणजे २९,२०० धारा झाल्या. काकूंची बाळंतपणं सोडा, काकांनी एकदा गंजीवरून पडून पाय मोडून घेतला ते दिवस सोडा, तरी हिशोब फार हलत नाही. त्या दिवसांतही जो उभा होता त्यानं दुसऱ्याच्या वाटणीचं काढलंच की.

एकदा मी काकूंना विचारलं, एवढी वर्षं गोठ्यात तुम्ही दोघं काय बोलायचा? म्हणाल्या, फार नाही, कुठली गाय आज नीट खात नाहीये तेच. मग थोडं थांबून म्हणाल्या, मार्चमध्ये बोलायचो. मार्चमध्ये रात्री गोठतं आणि दिवसा ऊन पडतं, तेव्हा मेपलच्या झाडातून रस गळायला लागतो, आणि तो आटवत बसायचं, ४० लिटर रसाचं कसंबसं लिटरभर सिरप होतं, चुलीपाशी रात्र काढावी लागते. पोरं झोपलेली, बाहेर बर्फ, आणि ही दोघं लाकडं सारत बसलेली. वर्षभराचं साठलेलं तिथं बोलून व्हायचं म्हणे. मला आमच्या गुऱ्हाळाची चुलवणच आठवली.

आणखी एक सांगते, हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. यांच्यात धर्मोपदेशक शिकून होत नाहीत, चिठ्ठीनं निवडतात. ज्यांची नावं सुचवली गेलीत तेवढी पुस्तकं समोर ठेवतात, एकातच चिठ्ठी असते, प्रत्येकानं एक उचलायचं. ज्याला आली त्याला जन्मभराचं काम, पगार शून्य, आणि गोठा-शेत आहे तसंच मागं. देवळात बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. काका एकदा उमेदवार होते. काकू बायकांच्या बाकावरून बघत होत्या. काकांच्या पुस्तकात चिठ्ठी नव्हती. काकूंच्या शेजारी बसलेल्या बाईच्या नवऱ्याच्या पुस्तकात निघाली, ती रडायला लागली आणि काकूंनी तिचा हात धरून ठेवला. नवरा उपदेशाला, मयताला, आजाऱ्याकडं गेला की संध्याकाळच्या धारा कोण काढणार, हे त्या बाकावरच्या सगळ्या बायकांना त्या क्षणी कळलं होतं.

सगळं गोड आहे असं मी म्हणत नाहीये. त्या चिठ्ठीच्या पुस्तकांपुढं बाई कधीच उभी राहत नाही. मुलींची आणि मुलांचीही शाळा आठवीला संपते, घटस्फोटाला दार नाही, आणि दार नसल्यामुळं टिकलेलं लग्न आणि टिकवलेलं लग्न बाहेरून सारखंच दिसतं. मला हे पटत नाही आणि काकूंना मी ते सांगितलंयही.

पण मग मी त्यांना विचारलं, जमीन कुणाच्या नावावर होती? हा प्रश्न माझा जुना आहे. आमच्या आईनं जन्मभर धारा काढल्या, वैरण आणली, शेण काढलं, आणि डेअरीचं कार्ड बाबांच्या नावावर, सातबारा बाबांच्या नावावर. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली तेव्हा गावात काही जणांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली, आमच्याकडं नाही झालं, आई काही बोलली नाही. आणि कॅनडा फार पुढं होता असं समजू नका. अल्बर्टातल्या आयरीन मर्डॉक नावाच्या बाईनं वर्षानुवर्षं गवत कापलं, ट्रक चालवला, गुरांना लस टोचली, नवरा वर्षातले पाच-पाच महिने बाहेर असायचा, आणि १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तिला जमिनीत वाटा नाकारला, चार विरुद्ध एक, कारण हे तर कुठलीही रँचवाल्याची बायको करतेच. देशभर बायका पेटून उठल्या, प्रांतांना कायदे बदलावे लागले, ऑन्टारिओनं १९७८ मध्ये बदलला. ती मेनोनाइट नव्हती, पण त्या निकालातलं काम आणि काकूंचं काम एकच आहे, माझ्या आईचंही.

काकूंना माझा प्रश्न आधी कळलाच नाही. मग म्हणाल्या, सही दोघांनी केली. घेतानाही आणि पोराला देतानाही.

देताना म्हणजे बारा वर्षांपूर्वी. त्यांच्यात पोरगा कर्ता झाला की आईबाप मोठं घर सोडतात आणि त्यालाच जोडून बांधलेल्या छोट्या घरात जातात, डॉडी हाऊस म्हणतात त्याला. साठीत, हातपाय धड असताना. स्वयंपाकघर सुनेचं, गोठा पोराचा, आणि ती दोघं भिंतीच्या पलीकडं. सरकारी पेन्शन हे लोक घेत नाहीत, ती भिंत आणि चर्चची माणसं हीच त्यांची पेन्शन. काकूंना सगळ्यात जड काय गेलं तर परसातली बाग सुनेला देणं. काकांनी मग डॉडी हाऊसच्या मागं चार वाफे खणून दिले, न सांगता, पहिल्याच वसंतात.

मागच्या शनिवारी मी फार लवकर गेले होते, अजून अंधार होता. दोघं खिडकीत बसलेली, हातात कॉफी, समोर गोठ्यातला दिवा. काकू म्हणाल्या, आज उशीर झालाय त्यांना. काका म्हणाले, नाही, आपणच लवकर उठलो. मग दोघंही परत गोठ्याकडं बघत बसली, आणि मी माझी दोन डझन अंडी टोपलीतून उचलून घेतली.