सातमजली हॉटेलाचा खड्डा

आमच्या बसस्टँडसमोरच्या त्या सातमजली हॉटेलाचा विषय पुन्हा निघाला, राजेहो! ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, वाघ काही पळून चालले नाहीत. पण पर्यटकांसाठी होणारं हे हॉटेल दर उन्हाळ्यात नवं चित्र घेऊन फ्लेक्सवर येते अन् पावसाळ्यात भिजून खाली पडते.

आधी पुढून सगळी काच होती. चंद्रपूर जिल्ह्यात! मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, माणूस कूलरसमोरून हलत नाही, अन् यांना पश्चिमेकडून काच पाहिजे. आतल्या पाहुण्याचा पापड होईल. ओरड झाली तं घुमट आला. घुमट नको म्हटलं तं दरवाजाले वाघाचा जबडा! (म्हणजे बिल यायच्या आधीच शिकार.) जाड भिंती, खोल व्हरांडा, वर कवेलूची उतरण, असं कोणी सुचवलं की पानठेल्यावरचे तज्ज्ञ म्हणतात, "मंग घरकुलच बांधा ना!"

सातव्या मजल्यावर आग लागली तं शिडी कुठून येणार, लाइट गेल्यावर लिफ्टचं काय, पाणी कोणत्या विहिरीचं, हे कोणी विचारत नाही. भांडण रंगावर.

तोवर खोदून ठेवलेल्या खड्ड्यात पाणी, डुकरं अन् डास. कुंपणाचे पत्रे अर्ध्या रस्त्यावर, म्हणून कापसाच्या गाड्या चौकात अडकतात. ते पत्रे तरी मागं सरकवा ना बाप्पा! तं म्हणे, "डिझाइन फायनल झालं की काढू."