इंजेक्शनने गादी ‘विरघळली’? ते दोन फोटो नीट पाहा

नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि द्राक्षबागायतदारांच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. कमरेच्या एमआरआयचे, म्हणजे मणक्यांमधल्या गादीचे (डिस्कचे) दोन फोटो, एक आधीचा, एक सहा महिन्यांनंतरचा. खाली मजकूर: ‘एका इंजेक्शनात गादी विरघळली. एमआरआय खोटं बोलत नाही. ऑपरेशनची कुणालाच गरज नाही.’ लगेच सिन्नर, पिंपळगावहून विचारणा सुरू, पत्ता पाठवा म्हणून.

‘गादी विरघळली.’ फोटो बनावट आहेत असं माझं म्हणणं नाही. गादीचा बाहेर आलेला तुकडा आटलेला दिसतोय, हे खरंच आहे. पण तो इंजेक्शन न घेताही आटतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ऑपरेशन न केलेल्या रुग्णांपैकी ज्यांचा तुकडा गादीपासून पार सुटला होता, अशा ९६ टक्के जणांचा तो आपोआप लहान झाला. गादी फाटून बाहेर आलेल्यांत हे प्रमाण ७० टक्के, नुसत्या फुगलेल्या गादीत जेमतेम १३. म्हणजे रिपोर्ट वाचून घरचे जितके घाबरतात, तितकी आटण्याची शक्यता बहुधा जास्त! तुकडा मणक्याच्या नळीत उतरला की शरीर त्याला परका समजतं. भोवती नव्या रक्तवाहिन्या येतात, पांढऱ्या पेशी त्याला कुरतडून संपवतात, त्यातलं पाणीही कमी होतं. फुगलेली गादी आपल्या वेष्टणाच्या आतच असते, तिथवर या पेशी फारशा पोचत नाहीत. आता मेसेजमधला पहिला फोटो बघा: सुटलेला, चांगला मोठा तुकडा. सहा महिन्यांत तो बहुधा एरवीही आटला असता.

‘एका इंजेक्शनात.’ कोणत्या? आपल्याकडे सर्रास देतात ते स्टेरॉइडचं. ते नसेभोवतीची सूज उतरवतं, गादीला विरघळवत नाही. आराम काही आठवडे, फार तर काही महिने. तेवढाही कमी नाही. छाटणीच्या दिवसांत बागेत उभं राहता आलं तर कुणाला नको आहे? गादी खरोखर विरघळवणारी औषधंही आहेत. पपईच्या चिकापासून बनवलेल्या कायमोपपेनला अमेरिकेत १९८२ मध्ये मान्यता मिळाली, पण जीवघेण्या ॲलर्जीमुळे ते बदनाम झालं आणि पुढे बाजारातून गेलं. जपानमध्ये २०१८ पासून कॉन्डोलिएज आहे. ओझोन वायूही थेट गादीत सोडतात, त्याचे समर्थकही आहेत. मेसेजमध्ये औषधाचं नावच नाही, मग श्रेय द्यायचं कुणाला?

‘एमआरआय खोटं बोलत नाही.’ बोलत नाही, पण दुखणंही सांगत नाही. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या (नस दबून कमरेतून पायात कळ जाण्याच्या दुखण्याच्या) २८३ रुग्णांचा उपचारानंतर वर्षभराने पुन्हा एमआरआय काढला. बरं वाटणाऱ्यांपैकी ३५ टक्के जणांत गादी अजून बाहेरच दिसत होती. बरं न वाटणाऱ्यांत? ३३ टक्के. शिवाय एमआरआय म्हणजे काही मिलिमीटर जाडीचे काप. शेजारचा काप निवडला तरी तुकडा लहान दिसू शकतो. फिल्मच्या कोपऱ्यात कापाचा क्रमांक आणि तारीख असते. या फोटोंत नेमका तोच कोपरा कापलाय.

‘ऑपरेशनची कुणालाच गरज नाही.’ हे वाक्य मात्र धोकादायक आहे. लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी सर्जन गाठायचा, रात्र असली तरी.