एच-इंडेक्स पाहताना जरा थांबा

एका लेखात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांचं संशोधन एका एच-इंडेक्सवर, म्हणजे संशोधकाच्या निबंधांना मिळालेल्या संदर्भांवरून काढलेल्या आकड्यावर तोललंय, ते खटकलं. हा आकडा निघतो कसा? शोधनिबंध संदर्भसंख्येनुसार (इतरांनी किती वेळा संदर्भ दिला, त्यानुसार) उतरत्या क्रमाने लावायचे. ज्या क्रमांकापर्यंत निबंधाला निदान त्या क्रमांकाइतके संदर्भ असतात, तो एच-इंडेक्स. समजा ४०, २२, ९, ५, ४, ३ अशी यादी आहे. चौथ्याला ५ संदर्भ, म्हणून तो बसतो. पाचव्याला ४च, तिथे थांबायचं. एच-इंडेक्स ४. पहिल्याला ४० ऐवजी ४,००० संदर्भ असते तरी उत्तर तेच!

म्हणजे बॉसर्ट यांच्यासोबतचा १९७० चा ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’मधला जीवनक्रमाच्या उत्क्रांतीवरचा निबंध असो, की बर्केस आणि फोल्के यांच्याबरोबरचा १९९३ चा ‘अँबिओ’मधला पारंपरिक ज्ञानावरचा, दोन्ही इथे एकेका अंकाचेच धनी. दोन्हींमुळे पुढच्या अभ्यासकांना किती वाटा मोकळ्या झाल्या, ते या आकड्यात येतच नाही.

गाडगीळांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीच्या २०११ च्या अहवालाचं तर फार वाईट होतं. कुणी संदर्भयादीत ‘गाडगील व इतर’ लिहितं, कुणी ‘डब्ल्यूजीईईपी’ (समितीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं), कुणी पर्यावरण मंत्रालय. एकाच अहवालाच्या तीन नोंदी होतात आणि संदर्भ विखुरतात. संशोधन शोधायच्या गुगल स्कॉलरवर प्रोफाइलच्या मालकाला अशा नोंदी निवडून ‘मर्ज’, म्हणजे एकत्र, करता येतात. स्कोपस या दुसऱ्या संदर्भ-डेटाबेसचा भर जर्नलांवर, त्यामुळे सरकारी अहवाल आणि मराठी लेखन तिथे जवळपास दिसतच नाही.

म्हणून आकडा देताना कोणत्या डेटाबेसचा आणि कोणत्या तारखेचा, हे लिहाच. शिवाय परिसरशास्त्रातला आकडा रेणवीय जीवशास्त्राशी ताडू नका. तिथे निबंध आणि संदर्भयाद्या दोन्ही भराभर वाढतात.