घट्ट दह्याचं सिक्रेट म्हणे

हा मेसेज मला आतापर्यंत तीन जणांनी पाठवलाय. त्यात लिहिलंय की पाकिटातलं दूध आधीच पाश्चराइज्ड असतं म्हणून उकळू नका नुसतं कोमट करा, विरजण भरपूर घाला म्हणजे दही घट्ट लागेल, फ्रिजमधलं विरजण वापरू नका कारण त्यातले जंतू मेलेले असतात, दह्यावर पाणी दिसलं तर समजा दुधात भेसळ आहे, आणि लागत असताना भांडं हलवू नका. हे सगळं वाचून कोणी दही लावलं तर पातळच लागणार, आणि मग दोष बिचाऱ्या दुधाला.

आधी उकळण्याचं बघू, कारण खरी गोम तिथेच आहे. पाश्चरायझेशन म्हणजे दूध साधारण 72 डिग्रीला 15 सेकंद तापवणं, ते रोगजंतू मारायला पुरतं, दही घट्ट व्हायला नाही पुरत. दुधात केसीन हे मुख्य प्रोटीन असतं आणि त्याशिवाय दुसरी प्रोटीन्स असतात, जी पनीर केल्यावर खालच्या पाण्यात बरीचशी निघून जातात ती. दूध 85 डिग्रीच्या आसपास बराच वेळ राहिलं की ही दुसरी प्रोटीन्स उलगडतात आणि केसीनला जाऊन चिकटतात. नंतर दूध आंबट झालं की या सगळ्याची मिळून जी जाळी बनते ती पाणी जास्त चांगलं धरून ठेवते. म्हणून दूध वर आलं की लगेच गॅस बंद करायचा नाही, बारीक आचेवर पाच-दहा मिनिटं ढवळत ठेवायचं. मी एकदा एकाच पाकिटाचं अर्धं दूध असं आटवून आणि अर्धं नुसतं कोमट करून दोन वाट्यांत लावलं होतं, एकीत चमचा उभा राहिला आणि दुसरीतलं सरळ पिता आलं असतं.

भरपूर विरजण हा तर उलटाच सल्ला आहे. विरजण हे काही दूध दाट करायचं पीठ नाहीये, त्यातले जंतू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक अॅसिड करतात, दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) 6.6-6.7 वरून 4.6 च्या आसपास उतरला की केसीन घट्ट धरतं. विरजण जास्त घातलं की हे फार घाईने होतं, जाळी नीट बसत नाही, दही रवाळ आणि आंबटढाण होतं, वर पाणी सुटतं ते वेगळंच. लिटरभर दुधाला एक-दोन चमचे बास.

फ्रिजमधले जंतू मेलेले असतात म्हणे! अहो मग फ्रिजमधलं दही चार दिवसांनी जास्त आंबट का लागतं? थंडीत ते सुस्तावतात, मरत नाहीत. विरजण फार जुनं मात्र नको, ते कमजोर पडतं. मारायचेच असतील तर गरम दुधात टाका, पन्नास-पंचावन्न डिग्रीच्या वरच्या दुधात विरजण घातलं की संपलं, आणि बऱ्याचदा दही न लागण्याचं कारण हेच असतं, घाई. बोट बुडवून आरामात दहा आकडे मोजता आले की घाला, म्हणजे साधारण 40-45 डिग्री.

राहिलं पाणी. ती जाळी आकसते, चमचा घातला की तुटते, जास्त वेळ बाहेर राहिलं तरी आकसते आणि पाणी बाहेर येतं. किंचित हिरवट-पिवळं दिसतं ते त्यातल्या रायबोफ्लेविनमुळे (म्हणजे व्हिटॅमिन बी2), ढवळून खाल्लं तरी चालतं. हो, दुधातच पाणी असेल तर दही पातळ लागतं हे खरं, पण वर चमचाभर पाणी दिसलं म्हणून भेसळ सिद्ध होत नाही, त्याला टेस्ट लागते. गुलाबी, काळे किंवा बुरशीसारखे डाग दिसले तर मात्र अख्खं भांडं फेका, वरचं काढून खालचं खायचा हिशोब नको.

मेसेजमधला एकच सल्ला बरोबर आहे, लागत असताना भांडं हलवू नका. दर अर्ध्या तासाने झाकण उघडून चमच्याने चेक करणाऱ्यांनी तेवढं वाचावं, बाकी डिलीट.