१६ व्होल्टांचा आहेर

सिन्नरच्या अण्णामामांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि आमच्या घरातला जुना लॅपटॉप मेल्याचं उघडकीस आलं. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं ज्यांना वाटतं त्यांच्या घरी आहेराची यादी वहीत असते.

आमची लॅपटॉपमध्ये होती. २००५ साली, आमच्या लग्नात, ती मी हौसेनं एक्सेलमध्ये केली होती. ‘वही हरवते, कॉम्प्युटर हरवत नाही,’ असं वडिलांना ऐकवलंही होतं. ते काही बोलले नव्हते. बॉलपेन घेऊन खोक्यांवर काहीतरी खरडत बसले होते.

‘मामांनी आपल्याला काय दिलं होतं हो?’ हिनं विचारलं. आलेल्यापेक्षा कमी द्यायचं नाही, आणि फार जास्तही नाही, नाहीतर समोरचा पेचात पडतो. तेव्हा आकडा हवाच. मी माळ्यावर चढलो. मोडकी इस्त्री, लेमन सेटचा खोका, गणपतीची मखर असं सगळं सारत लॅपटॉप खाली काढला. वजन तीनेक किलो. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये हे वजन गेलं कुठं, तर बहुधा हप्त्यांमध्ये.

अ‍ॅडॉप्टर लावला, बटण दाबलं. काही नाही. दिवा नाही, पंखा नाही, साधा उसासाही नाही.

भाच्याला फोन केला. ‘मामा, बॅटरी काढा, वायर काढा आणि बटण ३० सेकंद दाबून धरा. आत अडकलेला चार्ज निघून जातो.’ मी ३० सेकंद दाबलं. मग एक मिनिट. मग रागानं दोन मिनिटं. चार्ज गेला असेलही, पण त्याच्या जागी दुसरा काही आला नाही.

शेजाऱ्यांकडून मल्टिमीटर आणला. अ‍ॅडॉप्टरवर १६ व्होल्ट लिहिलेले, मीटरवर १६.१. नाशिककराला ही भाषा लगेच समजते. पावसाळ्यात आपण गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की गळ्याला, ते बघतो, तसंच हे. फक्त इथं गंगापूर धरणातून पाणी सुटलं होतं आणि घाट कोरडा ठणठणीत होता. मधे कुठंतरी गळत होतं.

महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात गेलो. तिथल्या मुलानं लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला, जणू तळाला जन्मतारीख लिहिलीय. ‘काका, बोर्ड गेलाय.’ एवढं म्हणायला त्याला चार सेकंद लागले. हार्ड डिस्क मात्र त्यानं चटकन काढली. ४४ पिनांची जुनी आयडीई डिस्क, ती एका कन्व्हर्टरला जोडून फाइल पेन ड्राइव्हवर दिली. ३०० रुपये. मी मनात म्हटलं, सुटलो.

घरी येऊन फाइल उघडली. नावांच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, चौकटी आणि उलटी प्रश्नचिन्हं. यादी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामायिक कॉम्प्युटर-यादीत, १९९१ पासून जागा मिळालेली असली, तरी २००५ पर्यंत ती आमच्या घरी राहायला आली नव्हती. आकडे तेवढे स्वच्छ. ५१, १०१, १०१, २५१ आणि एका ओळीत चक्क ५००१! हा दानशूर कोण? ही म्हणाली, तिच्या माहेरचा. मी म्हटलं, आमच्याकडचा. रात्री साडेअकरापर्यंत दोन्हीकडच्या गरीब नातेवाइकांचा उद्धार झाला.

तो फॉन्ट त्या लॅपटॉपमध्येच होता. (तो डिस्कवरून उचलून आणता येतो, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. तोवर अब्रूचा प्रश्न झाला होता.)

पंचवटीत एक काका आहेत, पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे. त्यांनी ‘बोर्ड गेला’ म्हटलं नाही. त्यांनी आधी चष्मा पुसला. मग अ‍ॅडॉप्टरची पिन लावून हळूच डावीकडे वाकवली. हिरवा दिवा लुकलुकला आणि विझला. ‘जिवंत आहे,’ ते म्हणाले. मला एकदम आयसीयूबाहेर बसल्यासारखं झालं.

उघडताना प्रत्येक स्क्रू त्यांनी एका पुठ्ठ्यावर, लॅपटॉपचं चित्र काढून, जिथल्या तिथं टोचला. ‘लांब स्क्रू आखूड भोकात गेला ना साहेब, तर बोर्डातच घुसतो.’ की-बोर्ड उचलला तर खाली एक शेंगदाणा. नुसता नाही, चिवड्यातला, हळद लागलेला, सोबत कढीपत्त्याचं अर्धं पान. वीस वर्षांत त्याला मुंगी लागली नव्हती. काकांनी तो चिमट्यानं उचलून सन्मानानं बाजूला ठेवला.

मग भिंगातून जॅकची पिन दाखवली. तिच्याभोवती सोल्डरच्या डागाला, म्हणजे जोडाला, केसाएवढी गोल चीर. ‘ड्राय सोल्डर. रोज पिन खुपसायची, ओढायची, वायरीला धक्के, डाग कधीतरी सुटणारच.’ जुना डाग ओढून घेतला, फ्लक्स लावलं, गन टेकवली. धुराची एक रेघ वर गेली आणि टाचणीच्या डोक्याएवढा चकचकीत थेंब बसला. एवढ्यासाठी तीन आठवडे. १५० रुपये, चहा त्यांच्याकडून.

बटण दाबल्यावर पंखा घरघरला, एक शिट्टी झाली आणि पडद्यावर तक्रार आली: तारीख चुकलीय. आतली नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपलेली. लॅपटॉपच्या मते त्या दिवशी १ जानेवारी २००३ होती. घरी येऊन मी हिला म्हटलं, ‘याच्या हिशेबानं आपलं लग्न अजून व्हायचंय.’

‘मग तारीख बदलू नका,’ ही म्हणाली, ‘जरा विचार करू द्या.’

विंडोज एक्सपी सुरू व्हायला लागला तेवढ्यात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. यादी उघडली. सगळी नावं शुद्ध मराठीत. आधी दोघांनीही ५००१ ची ओळ शोधली. ‘फोटोग्राफर – अ‍ॅडव्हान्स.’ दोन्ही घराणी गप्प.

मग अण्णामामा. आकड्याची जागा रिकामी. पुढे शेरा: ‘लेमन सेट.’

मी पुन्हा माळ्यावर चढलो. खोका मीच सारलेल्या जागी होता. धूळ पुसली तर झाकणावर बॉलपेननं, वडिलांच्या अक्षरात: ‘सिन्नर, अण्णा. जग १, ग्लास ६.’

खालून हिचा आवाज आला. ‘फुटलेला नाही ना?’

‘नाही. टेपसुद्धा काढलेली नाही.’

‘मग झाकणावरचं तेवढं खोडा आणि खाली आणा.’

‘अगं, त्यांचाच त्यांना?’

‘त्यांना कुठं आठवतंय,’ ही म्हणाली, ‘त्यांच्याकडे काय लॅपटॉप आहे?’