गरिबीतून बाहेर पडण्याचे सोपे उपाय

नीती आयोगाच्या हिशेबात देशातली बहुआयामी गरिबी (म्हणजे नुसत्या कमाईवर नाही, तर आरोग्य, शिक्षण, राहणीमान अशा बारा निकषांवर मोजलेली) २०१३-१४ मधल्या २९.१७ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ११.२८ वर आली. २४.८२ कोटी माणसं वर आली म्हणे. तुम्ही अजून खालीच असाल, तर दोष तुमचाच. जरा हातपाय हलवा.

पोस्टात खातं उघडा. बारा निकषांतला एक सुटला. खात्यात पैसे हवेत अशी अट नाही.

घरात सायकल आणि साधा फोन असू द्या, मालमत्तेचाही निकष सुटतो.

मुंबईच्या पोराने पाठवलेला जुना फ्रीज मात्र पडवीत ठेवू नका. आत कोकमाच्या आगळाच्या बाटल्या आहेत हे पाहणीला आलेल्या साहेबाला बाहेरून दिसत नाही, तो तुम्हाला श्रीमंत समजायचा.

जन्म घेताना जात बघून घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या २०२१ च्या अहवालात (आकडे २०१५-१६ चे) अनुसूचित जमातींतले निम्मे लोक गरीब, अनुसूचित जातींतले ३३ टक्के, ओबीसींतले २७ आणि यांपैकी कशातच नसणाऱ्यांतले साधारण १५. देशाची सरासरी कशी छान दिसते, नाही?

आणि बोटांवर रेषा ठेवा! हे विसरू नका. परवा वाडीतल्या काकींना रेशनच्या ई-केवायसीला घेऊन गेलो. काकींचं आयुष्य काजूबी फोडण्यात गेलं. टरफलाच्या तेलाने बोटांची सालं निघून निघून पेरं गुळगुळीत झालीत. अंगठा लागेना. "हात धुऊन या." धुतले. "दुसरं बोट लावा." लावलं. "चोळा जरा." चोळलं. मग रेंज गेली. डोळ्यांचं मशीन होतं, पण ते बिघडलेलं. तेवढ्यात मागून एक शहाणा म्हणतो, "हल्ली गरीब राहिलंय कोण? सगळ्यांना फुकट हवं." याच्या पोर्चमध्ये गाडी, आणि काकींना पाच किलो धान्य मिळालं की याच्या पोटात दुखतं!

नोव्हेंबरपासून पावसापर्यंत वीटभट्टीवर राहणाऱ्या रायगडच्या कातकऱ्याला तर सल्ला काय द्यायचा? कुलूप लावलेल्या झोपडीला कोण काय विचारणार?

अहो, टक्के खाली आले, ते चांगलंच झालं. पण रेशनचा कोटा अजून २०११ च्या जनगणनेवर चालवता, त्यानंतर वेगळी चूल मांडलेल्यांना नव्या कार्डासाठी हेलपाटे घालायला लावता, आणि वर म्हाताऱ्या बाईला हात चोळायला सांगता? लाज वाटत नाही? आधी ते डोळ्यांचं मशीन दुरुस्त करा. आणि ते ११.२८ चे रंगीत फॉरवर्ड वाडीच्या ग्रुपवर टाकणं बंद करा.